ऑफिसातनं निघालेला लॅपटॉप, लिनक्स आणि रॅमचा खर्च : वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणारे निम्मे प्रश्न एकाच जातीचे झालेत. कंपनीने वापरून काढून टाकलेला लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड नाहीतर एचपीचा एलिटबुक घरात आलाय, मशीन दणकट आहे, विंडोज ११ नको म्हणतंय आणि दुकानदार म्हणतो नवाच घ्या. म्हणून यावेळी हेच प्रश्न एकत्र घेतलेत. उत्तरं वेगवेगळी आहेत, पण एक गोष्ट जवळपास सगळ्यांनाच सांगायचीय, की पार्ट आणायला बाजारात जायच्या आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) चालवून बघा, फुकट आहे आणि अर्ध्या शंका तिथंच मिटतात.

प्रश्न : मी मिरजेजवळ शाळेत शिकवते. भावाच्या कंपनीतला थिंकपॅड टी४७० मला मिळाला, सातव्या जनरेशनचा इंटेल आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. विंडोज ११ टाकायला गेलं की हा पीसी पात्र नाही असं येतं. मला मराठीत प्रश्नपत्रिका टाइप करायच्या असतात, ऑनलाइन मीटिंगा आणि वर्गात प्रोजेक्टरवर व्हिडिओ, एवढंच. लिनक्स जमेल का? रॅम वाढवावी लागेल का?

उत्तर : ताई, तुमच्या लॅपटॉपमध्ये काहीच बिघडलेलं नाही. विंडोज ११ ची इंटेलसाठीची यादी ढोबळमानाने आठव्या जनरेशनपासून सुरू होते आणि तुमचा सातव्याचा आहे, म्हणजे एका इयत्तेने राहिला बिचारा. जुगाड करून ११ टाकता येतं, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, त्यामुळे ज्याच्यावर शाळेचं काम आहे त्या मशीनवर मी तरी हे करा म्हणणार नाही.

तुम्ही लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन एडिशन. आत्ताची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या एका लिनक्सवर बेतलेली आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज वापरलेल्या माणसाला एका दुपारीत सवय होते. (रॅम ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई एडिशन, ती हलकी आहे.) मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टिमची प्रत) उतरवा, विंडोजमध्ये रुफस किंवा बलेना एचर वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा, पेनड्राइव्हवरचं जे काही असेल ते पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. मग लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबत राहायचं, लेनोवो आणि डेल दोन्हीला एफ१२ चालतं, एचपीला एफ९, आणि यादीतनं पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट डिस्कला हात न लावता तसंच चालू होतं. थोडं सुस्त वाटेल, पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून, त्यावरून मत बनवू नका.

आता या अवस्थेत तासभर बसा आणि तुमचं रोजचं काम करून बघा. वायफाय लागतंय का (टी४७० मध्ये बहुतेक इंटेलचं कार्ड असतं, अडचण येत नाही), मीटिंगमध्ये कॅमेरा आणि माइक दोन्ही, झाकण बंद करून उघडल्यावर नीट जागा होतो का, एचडीएमआयवर प्रोजेक्टर दिसतो का. टी४७० ला व्हीजीए नाही, शाळेचा प्रोजेक्टर जुना असेल तर कन्व्हर्टर लागेल, पण तो विंडोजमध्येही लागलाच असता. आणि प्रिंटर! हा खरा डोकेदुखीचा विषय आहे. एचपी लेसरजेट १०२० आपल्याकडे प्रत्येक शाळेत आणि झेरॉक्सच्या दुकानात असतो, तो लिनक्सवर चालतो पण एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचा प्लगइन वेगळा उतरवावा लागतो, नाहीतर प्रिंटर यादीत दिसतो आणि कागद काही बाहेर येत नाही. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर मात्र कटकट आहे, त्याचा ड्रायव्हर जुना आणि हट्टी, त्यापेक्षा पीडीएफ करून दुसऱ्या मशीनवरून प्रिंट काढणं परवडतं.

मराठी टायपिंगचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडला की झालं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन टाका, लॉगआउट करून परत या आणि आयबसच्या यादीत मराठी आयट्रान्स किंवा फोनेटिक निवडा. दोन-चार दिवस ज्ञ आणि क्ष शोधताना चिडचिड होईल. एक सावधगिरी, जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर त्या लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यावर नुसती इंग्रजी चिन्हं दिसतील, फाइल खराब झालीय असं समजून पुसू नका, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. हे विंडोज आहे तोवरच उरका.

सगळं पटलं की डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, तो नीट उघडतोय ना बघा आणि मगच पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा. रॅमचं म्हणाल तर ८ जीबी तुम्हाला पुरे. एक पैसा घालू नका.

प्रश्न : मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेल लॅटिट्यूड ७४९० घेतलाय, विंडोज ११ आहे आणि ते ठेवायचंय, शेजारी उबुंटू टाकायचंय. पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. मित्र म्हणतो एसएसडी गेली. असं असतं का?

उत्तर : अरे एसएसडी गेली असती तर विंडोज कशावरून चालू झालं असतं? डेलच्या बायोसमध्ये (मशीनची मूळ सेटिंग, विंडोजच्या आधी उघडते ती) साटा ऑपरेशन नावाची सेटिंग असते, ती बऱ्याच लॅटिट्यूडमध्ये रेड ऑन (RAID On) वर ठेवून येते. त्यामुळे एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) इंटेलच्या आरएसटी या व्यवस्थेमागे लपते आणि लिनक्सला ती दिसत नाही. तिथं एएचसीआय (AHCI) हा दुसरा पर्याय करायचा. पण थांब, आत्ता लगेच जाऊन बदलू नकोस, कारण थेट बदललंस तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून बसेल.

क्रम असा ठेव. आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघ, असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिही, फोटो त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नकोस म्हणजे मिळवली, आणि बिटलॉकर बंद करून डिस्क पूर्ण उघडी होऊ दे. मग एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट वर टिक कर, रीस्टार्ट, एफ२ दाबून बायोस, एएचसीआय, सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये येतं आणि नवा ड्रायव्हर आपणहून धरतं, तिथं पिन चालला नाही तर अकाउंटचा पासवर्ड लागतो तो आठवत असू दे. टिक काढ, परत रीस्टार्ट. आता इन्स्टॉलरला डिस्क दिसेल.

उबुंटूसाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करून घे, ६०-८० जीबी तरी. आणि कंट्रोल पॅनलमध्ये फास्ट स्टार्टअप बंद कर, नाहीतर विंडोज शटडाउन म्हणून अर्धवट झोपतं आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही.

सगळं झाल्यावर तू मला परत लिहिणार आहेस की घड्याळ चुकतंय, म्हणून आत्ताच सांगतो. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, त्यामुळे बरोब्बर साडेपाच तासांचा घोळ होतो. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड आहे, तिच्यात सेट-लोकल-आरटीसी ला १ दे, मिटलं.

प्रश्न : चिपळूणहून लिहितोय. माझ्याकडे २०१२ चा थिंकपॅड टी४३० आहे, तिसऱ्या जनरेशनचा आय५, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. १६ जीबी रॅम, आय७ प्रोसेसर, नवं वायफाय कार्ड आणि एसएसडी असं सगळं करायचा विचार आहे. कितपत फायदा?

उत्तर : तुमच्या यादीतली शेवटची गोष्ट पहिली करा आणि मधल्या दोन खोडून टाका.

एसएसडी, साधी अडीच इंची साटा. ही एकच गोष्ट केली तरी ज्याला चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची तो लॅपटॉप बदलल्यासारखा वाटतो. कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची चालेल, महागातली नको, कारण साटा जोडणीचा वेगच सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो. रॅम ८ करा, जुन्या बाजारात डीडीआर३ ची ४ जीबीची एक स्टिक मिळून जाईल. टी४३० ला १६ पर्यंत जाता येतं, पण प्रोसेसरच एवढा जुना असताना १६ घेऊन करणार काय? दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) चालवणार असाल तर गोष्ट वेगळी.

प्रोसेसर. टी४३० ला सॉकेट आहे, बदलता येतो हे खरं, नंतरच्या बहुतेक बिझनेस लॅपटॉपमध्ये तो बोर्डालाच चिकटवलेला असतो. पण चार कोरचा आय७ टाकला की उष्णता वाढते, पंखा सतत ओरडतो, बॅटरी अजून लवकर बसते, आणि ब्राउझर उघडायला फरक पडतो नखाएवढा. लुनाला बुलेटचं इंजिन बसवायची हौस असेल तर जरूर करा, हौसेला मोल नाही, पण मग त्याला अपग्रेड म्हणू नका. त्याऐवजी पंखा काढून धूळ साफ करून घ्या आणि थर्मल पेस्ट नवी लावा, तेरा-चौदा वर्षांत ती वाळून खडखडीत झालेली असते.

वायफाय कार्ड तर मुळीच आणू नका. त्या काळच्या थिंकपॅडच्या बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं कार्ड लावलं की १८०२ नंबरची एरर देऊन मशीन पुढेच जात नाही. यूएसबीचं छोटं वायफाय घ्या, फक्त लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीपासून आहे असं चिपसेट बघून.

आणि एक अपेक्षा ठेवू नका, यूट्यूब ज्या व्हीपी९ फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं तो उलगडणारं हार्डवेअर या प्रोसेसरमध्ये नाही, ते पूर्णपणे सातव्या जनरेशनपासून आलं. सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये त्याऐवजी एच२६४ हा फॉरमॅट मागणारं एक्स्टेन्शन टाका आणि ७२० वर समाधान माना.

प्रश्न : मी निवृत्त आहे, पुण्यात असतो. लिनक्स शिकायची फार इच्छा आहे, त्यासाठी सेकंडहँड बिझनेस लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घ्यावा आणि घेताना काय बघावं?

उत्तर : काका, आठव्या जनरेशनचा घ्या, म्हणजे मन बदललं तर विंडोज ११ चा रस्ताही उघडा राहतो. २०१८ चा थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एलिटबुक ८४० जी५, यातलं जे चांगल्या अवस्थेत मिळेल ते. ब्रँडवरनं लोक भांडतात, त्यात पडू नका, हातातल्या मशीनची अवस्था जास्त महत्त्वाची.

नावातल्या एका अक्षराने मात्र फसाल. टी४८० ला रॅमचे दोन स्लॉट आहेत, टी४८०एस ला थोडी रॅम बोर्डावर डकवलेली आणि एकच स्लॉट, एक्स२८० आणि एक्स१ कार्बनला तर सगळीच डकवलेली, जेवढी घ्याल तेवढीच जन्मभर. दुकानदार म्हणेल सर हा जास्त स्लिम आहे. स्लिम आहे म्हणूनच नको.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की घराजवळचं रिफर्बिश्डचं दुकान, समोर बसून चार गोष्टी करा. एफ१ दाबून बायोसमध्ये शिरा (डेलला एफ२, एचपीला एफ१०), पासवर्ड मागितला तर उठून या, थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड गेला तर तो काढणं म्हणजे बोर्डाशी झटापट आहे. सिक्युरिटीमध्ये कॉम्प्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्यूट (कंपनीला लांबून मशीनवर ताबा ठेवू देणारी सोय) चालू आहे का बघा, चालू असेल तर जुन्या कंपनीचा लगाम अजून सुटलेला नाही असं समजा. मिंटचा पेनड्राइव्ह बरोबर न्या, दुकानात बूट करा, डिस्क्स नावाच्या अ‍ॅपमध्ये एसएसडीचं आरोग्य दिसतं आणि पॉवरच्या माहितीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात, निम्म्यावर आली असेल तर किंमत पाडून मागा. स्क्रीन १३६६ बाय ७६८ चा असेल तर घेऊ नका, डोळ्यांना त्रास होतो आणि स्वस्त पडतो म्हणून तोच गळ्यात मारतात.

टी४८० च घेतलात तर चार्जिंगचा टाइप-सी पोर्ट हलवून बघा, ढिला असेल तर नको. या मॉडेलच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये एक दोष होता, त्याने कालांतराने टाइप-सी पोर्ट चालेनासा व्हायचा, लेनोवोने नंतर दुरुस्त फर्मवेअर दिलं. ते लिनक्समधूनच, एफडब्ल्यूअपडी या सोयीने टाकता येतं, बायोसचे अपडेटही त्यातूनच येतात. चार्जर लावलेला असू द्या आणि मध्येच बंद करू नका. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर लिनक्समध्ये चालेलच असं नाही, टी४८० चा तर सहसा नाहीच चालत, तेवढं सोडून द्या.

प्रश्न : थिंकपॅड टी४७०, बॅटरी तासभरही टिकत नाही. आमच्याकडे लाइट जाते सारखी. बाहेरची नवी बॅटरी घेऊ का? (परभणी)

उत्तर : टी४७० आणि टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत २४ वॉट-अवरची आणि एक मागे काढता येणारी. दोन्हींची क्षमता वेगवेगळी तपासा, बऱ्याचदा बाहेरचीच मेलेली असते कारण आधी तीच वापरली जाते. तुमच्याकडे लाइट जाते म्हणताय तर बाहेरची ७२ वाली घ्या, लॅपटॉप थोडा मागून उचलल्यासारखा बसतो पण दुपार निघते. अगदी स्वस्त नकली घेऊ नका, लिहिलेली क्षमता आणि खरी क्षमता यांचा संबंध नसतो.

नवी आल्यावर टीएलपी हा बॅटरी सांभाळणारा प्रोग्रॅम टाका (त्याआधी मिंटमधला पॉवर प्रोफाइल्स डिमन काढावा लागतो, दोघांचं जमत नाही) आणि चार्जिंग ७५ टक्क्यांना सुरू, ८० ला बंद असं ठेवा, थिंकपॅडवर हे छान चालतं. डेलवाल्यांना हीच सोय बायोसमध्ये असते. लाइट जाण्याच्या दिवसांत १०० करा आणि एरवी ८०.

आतली बदलायची असेल तर मागचं कव्हर उघडायच्या आधी बायोसमध्ये पॉवरखाली बिल्ट-इन बॅटरी डिसेबल करायचा पर्याय आहे तो वापरा, म्हणजे उघडताना बोर्डात करंट नसतो. फुगलेली दिसली तर मात्र स्वतः हात लावू नका.

प्रश्न : मी अकाउंटंट आहे, टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन रोज लागतं. लिनक्सवर होईल ना?

उत्तर : नका करू. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) ओढूनताणून चालवलं तरी ३१ मार्चच्या रात्री अडकलं तर कुणाला फोन करणार? टोकनांपैकी काहींचे लिनक्स ड्रायव्हर आहेत, पण सरकारी पोर्टल, टोकन, ब्राउझर आणि साइनिंगचं सॉफ्टवेअर या चौघांचं एकाच दिवशी जमणं अवघड. कामाला विंडोज ११ चालणारं मशीन ठेवा, लिनक्स घरच्या लॅपटॉपवर.

प्रश्न : रॅम घेताना नेमकं काय बघायचं? नाशिकच्या दुकानात तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

उत्तर : मशीनचं मॉडेल बघायचं, नुसती जनरेशन नाही. सहाव्या जनरेशनचाच थिंकपॅड टी४६० डीडीआर३एल घेतो आणि त्याच काळातला लॅटिट्यूड ई७४७० आणि एलिटबुक ८४० जी३ डीडीआर४ घेतात, खाचच वेगळी असते त्यामुळे बसणारच नाही. चौथ्या जनरेशनपासून पुढे डीडीआर३ वाल्या मशीनला १.३५ व्होल्टची एल वालीच लागते, साधी १.५ वाली नाही. डीडीआर४ मध्ये ३२०० वेगाची स्टिक २४०० च्या मशीनला लावली तर ती गुमान २४०० वर चालते, तेव्हा जास्त आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका, पण तीच स्वस्तात मिळाली तर घ्या. १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या, ग्राफिक्स रॅममधूनच जागा खातं आणि दोन चॅनलचा त्याला फायदा होतो. २०२५ पासून डीडीआर४ चे भाव चढलेत, त्यामुळे कंपनीच्या मशीनमधून काढलेली जुनी स्टिक घ्यायला हरकत नाही, फक्त एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा.

जाता जाता, वायफाय ६ चं कार्ड टाकणार असाल तर एएक्स२०० किंवा एएक्स२१० मागा. एएक्स२०१ दिसायला तसंच आहे पण ते नव्या इंटेल मशीनच्या वेगळ्या जोडणीवर चालतं, आठव्या जनरेशनपर्यंतच्या लॅपटॉपमध्ये उपयोगाचं नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आईबाबा कोल्हापूरला. इथला जुना एलिटबुक ८४० जी३ मिंट टाकून त्यांना आणून द्यावा म्हणतेय. तिथं बिघडलं तर काय?

उत्तर : आणा की. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, छापलेलं वाचून घ्या, फक्त भिंतीकडची वायर कोल्हापुरात बदलून मिळेल. इन्स्टॉल तिथं गेल्यावर नाही, निघायच्या आधीच करा आणि काही दिवस स्वतः वापरा, म्हणजे झोपेतून उठताना वायफाय जातंय वगैरे असले खोडसाळपणे तुम्हाला कळतील, बाबांना नाही. जी३ मध्ये एम.२ आणि अडीच इंची अशा दोन्ही जागा आहेत, तेव्हा सिस्टिम एम.२ वर आणि दुसरी साधी एसएसडी टाइमशिफ्ट या मिंटमधल्या प्रोग्रॅमच्या स्नॅपशॉटसाठी (सिस्टिमच्या साठवलेल्या प्रतींसाठी) लावा. अपडेटनंतर काही रुसलं तर कालच्या स्थितीत परत नेता येतं. टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, घरचे फोटो नाही, त्यांचा बॅकअप वेगळा.

दूरून मदतीसाठी रस्टडेस्क टाका आणि कायमचा पासवर्ड ठरवून ठेवा, मिंटच्या सिनॅमनमध्ये ते सहज चालतं. आईबाबांच्या डेस्कटॉपवर चारच चिन्हं ठेवा, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, फोटो आणि बंद करायचं बटण. बँकेचं काम मोबाइलवर करत असतील तर ते मोबाइलवरच राहू द्या.